मनातले पाढे

प्रश्न स्वतःचा हवा, पुस्तकातला चालणार नाही, असं कोकिळाबाईंनी म्हटलं आणि नववीच्या सगळ्या वर्गाआधी मी हात वर केला. गेल्या सालापर्यंत वर्ग उर्दूत चालायचा, मी हात वर करायची नाही. आता मराठीत चालतो, करते! संमेलनात प्रत्येकाने आपल्या प्रश्नाचा शोध वाचून दाखवायचा होता.

"माणूस विचार कोणत्या भाषेत करतो?"

"महादेवी, एवढ्याला जन्म पुरणार नाही," बाई म्हणाल्या. "विचार दिसतो का तुला? तपासून बघता येईल असं काही धर."

मला हे सुचलं होतं अण्णांवरून. माझे अण्णा, रामलिंग मास्तर, गंगाखेडात मिडल शाळेत गणित शिकवतात. निजामाच्या अमलात ते उर्दूत शिकले, उर्दूतच शिकवत आले. राज्य बदललं आणि तेच गणित मराठीत आलं. आता मराठी तर आमच्या घरात बोलतातच. मग रोज शाळेतून आल्यावर अण्णा भिंतीला टेकून असे का बसतात, जसे काही नांगर ओढून आलेत? परवा फळ्यावर उदाहरण लिहायला गेले तर उर्दूच्या सवयीनं खडू आपसूक उजव्या टोकाला गेला. "गुरुजी, इकडून!" पोरं खिदळली. त्या दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "डोकं गंजलं माझं. राजीनामा देतो आन् वालूरला दाजीच्या दुकानात बसतो." गणित सोडून अण्णा मिठाच्या पुड्या बांधणार!

मी प्रश्न लहान केला. माणूस हिशेब कोणत्या भाषेत करतो? बाजाराच्या दिवशी निघाले विचारत.

"मावशी, मनात कसं मोजता?" मी वांगी विकणाऱ्या गोजरबाईला म्हटलं.

"मन कुठलं बाई, मला टोपली हाय. एक ईस, दोन इसा. मास्तराची पोर आन् बाजारात उंडारायलीस व्हय?" तिला वजनाचा मण वाटला; मोजणी मात्र विसाविसाची.

करीम शिंपी गजानं मापताना दखनी उर्दूत आकडे पुटपुटत होते. आमची आई, नीलम्मा, बिदरकडची. ती भाकरी टोपल्यात टाकताना कानडीत मोजते, ओंदु, एरडु. ज्या भाषेत लहानपणी मोजायला शिकलं, त्याच भाषेत माणूस मोजतो. उन्हातान्हात पाय तुटेस्तोवर फिरून मी हे बाईंना सांगितलं.

"बरं. पण हे ज्याच्यावरून सुचलं, त्याला विचारलंस?"

सगळा बाजार पालथा घातला होता, घरी विचारलं नव्हतं. अण्णांचं डोकं खरंच गंजलेलं निघालं तर?

"अण्णा, दमला नसाल तर..."

"दमलोय. विचार."

मी पाढे विचारत गेले. उर्दूत विचारलं की उत्तर पाण्यासारखं. नौ सत्ते तिरसठ! मराठीत विचारलं की ओठ हलायचे, मध्ये थोडं थांबायचे, मग त्रेसष्ट.

"मध्ये काय करता?"

"काय करणार? आधी तिकडं जातो, उत्तर घेतो, इकडं आणून उतरवतो. दर खेपेला."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"म्हणजे एक गणित तुमी दोनदा करता! मग गंजलं कसं हो डोकं?"

चुलीपाशी आईनं पळी आपटली. "लग्न झाल्यापासून मी मराठी बोलायलेय. मी दमले का म्हणून कुणी इचारलं न्हाई."

हाच होता की माझा प्रश्न! परक्या भाषेत हिशेब करताना माणूस जास्त दमतो का?

"एकट्या माझ्यावरून काय सिद्ध होतंय?" अण्णांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "आमच्या भूगोलाच्या सिद्दिकी मास्तरांना विचार. तेबी उर्दूतच शिकलेले; मधल्या सुटीत तोंडसुद्धा उघडत न्हाईत. आन् पहिल्यापासून मराठीत शिकले त्यांनाबी विचार. नुसत्या दमलेल्यांना विचारून काय उपयोग?"

"आणि राजीनामा?"

"तुझं उत्तर येऊ दे, मग ठरवू." त्यांनी दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले. "पण लवकर कर, महादेवी. लय दमायलोय."