उत्खनन येणार आहे

प्राप्तीने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच क्षणी ओट्यावरच्या फोनमधून नगारा वाजला. तिने पिठाचे हात ओढणीलाच पुसले आणि फोन उचलला. मागच्या पडवीत जवळा निवडत बसलेली तिची आई, सत्यवती, सूप बाजूला सारून दारापर्यंत येऊनही पोचली.

“आयला का गं त्याचा डाव?”

“आला.”

“मंग जित्ता हाय.”

एवढं बोलून ती चौकटीला धरून खाली बसली. तिच्या बोटांना जवळ्याची टरफलं चिकटली होती आणि ती झटकायचं तिला सुचत नव्हतं. तव्यावर भाकरी करपायला लागली, तरी दोघींपैकी कुणीही गॅस बंद केला नाही.

विनेश, प्राप्तीचा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला तेव्हा मिठागरालगतच्या त्या घरातून पहिल्यांदा कुणीतरी समुद्रावर पगार घ्यायला निघालं होतं. आता ते जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. मालकाने हात वर केले, जहाज जप्त झालं, आणि निकाल लागेपर्यंत खलाशांना उतरू देणार नाही असं बंदरवाल्यांनी सांगून टाकलं. निकाल कसला आणि कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. डिझेल संपलं तसे दिवेही गेले. पिण्याचं पाणी घेऊन एक बोट अधूनमधून यायची. तिच्यावरच्या माणसाला दया आली तर तो खलाशांचे फोन चार्ज करून द्यायचा आणि आपल्या फोनवरून घटकाभर इंटरनेट द्यायचा.

त्या घटकेत विनेश आधी घरी बोलायचा आणि मग गेममधला आपला डाव खेळायचा. पुढे त्याचं बोलणं आटलं. ‘ठीक आहे’ एवढंच यायचं, मग तेही बंद झालं. फोन लावला तर तो उचलत नव्हता. वडील, मोरूशेठ, अर्ज घेऊन अलिबागच्या वाऱ्या करत होते, आजही तिकडेच गेले होते. साहेब लोक चहा पाजायचे आणि कळवतो म्हणायचे. सत्यवतीचा आता कुठल्याही साहेबावर विश्वास उरला नव्हता, फक्त त्या नगाऱ्यावर होता. पोरगा दिवसभर मोबाइलवर लढाया खेळतो म्हणून ज्या बाईने एकदा चार्जर विहिरीत टाकला होता, तीच आता नगाऱ्याकडे कान लावून बसायची.

तो खेळही होता तसाच, बिनघाईचा. एकाने आपला डाव खेळून पाठवायचा, मग दुसऱ्याने. कुणी खेळलंच नाही तर खेळ तसाच थांबून राहायचा, त्याच्या वतीने यंत्र काही खेळायचं नाही. म्हणून नगारा वाजला म्हणजे विनेशचं बोट पडद्यावर फिरलं, एवढं नक्की.

इतिहासाचा गेम. शहरं वसवायची, नाले बांधायचे, सैन्य पाठवायचं, हजारो वर्षं ओलांडत जायचं. भाऊबहिणीची ही एकच बाजी तीन वर्षं चालू होती. सुरुवातीलाच प्राप्तीने खाडीच्या तोंडावरचं विनेशचं एक शहर जाळलं होतं. पुढे ती जमीन विनेशने परत जिंकली. पण पडक्या भिंतींना त्याने हात लावला नाही. पडकं शहर मोडलं की दगड मिळतो, थोडं धान्य मिळतं, सगळे खेळाडू पहिल्या फटक्यात तेच करतात. हा मात्र उपाशी सैन्य घेऊन शेजारून जाई आणि ते पडकं तसंच ठेवी.

कारण होतं गेमवाल्यांनी टाकलेलं एक चित्र. नवा भाग येणार म्हणून त्यांनी जाहिरात केली होती आणि त्या चित्राच्या कोपऱ्यात एक कुंचला होता. गेमच्या फोरमवर त्या कुंचल्याने आग लावली. कुणी म्हणे चित्रकला येणार, कुणी म्हणे मंदिरं रंगवता येणार. विनेश एकटा हटून बसला की हा रंगाचा कुंचला नव्हेच, माती झाडायचा आहे. पुरातत्त्व येणार, उत्खनन येणार. ज्याने पडकं राखलं असेल त्याच्याच जमिनीत खोदायला जागा निघेल, बाकीचे बसतील कपाळाला हात लावून. फोरमवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. ज्यांना दुसरा उद्योग नसतो अशा लोकांनी जगभरातून त्याला वेड्यात काढलं. जहाजावरूनही तो त्यांना उत्तरं देत होता, कौलं किती वर्षं टिकतात आणि मातीचं मडकं किती, यावर पानंच्या पानं.

“तुझं पाप आहे ते,” तो प्राप्तीला म्हणायचा. “उत्खनन येऊ दे. सगळं वर काढून म्युझियममध्ये मांडणार. खाली पाटी, हे शहर माझ्या बहिणीने जाळलं.”

“आणि नाही आलं तर?”

“येणार. तू बघ.”

प्राप्तीने गॅस बंद केला आणि गेम उघडला. नकाशा सरकवत ती खाडीच्या तोंडाशी आली, तिथे पडक्या भिंती नव्हत्या. सपाट पिवळी जमीन होती. शेजारी विनेशची एक तुकडी उभी होती आणि बातमीच्या पट्टीत लिहिलं होतं की अवशेष साफ केले, थोडा दगड मिळाला, थोडं धान्य मिळालं. निरोपाची जागा रिकामी होती.

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. जमीन सपाटच राहिली.

“कसा खेललाय?” सत्यवतीने विचारलं.

“बरा.”

“मंग तोंड का उतारलं तुजं?”

“काही नाही गं.”

“प्राप्ती. माज्यापाशी खोटं बोलू नको.”

प्राप्ती तिच्याजवळ उंबऱ्यात बसली. आईला काय सांगायचं ते तिला कळेना. कुंचला, फोरम, उत्खनन, यातलं काहीही आईसमोर कधी कुणी बोललं नव्हतं. तरी तिने सांगितलं, जमेल तसं. खेळात एक पडकं गाव होतं. ते राखलं तर पुढे कधीतरी त्यातून मोठं काही मिळेल, असं दादाला वाटायचं. सगळे हसले तरी तो राखत होता. आज त्याने ते मोडून टाकलं, मूठभर धान्यासाठी.

खाडीकाठच्या खारीच्या भातशेतात सत्यवतीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं तो पावसाळाही तिने काढला होता.

“म्हंजी बियानं खाल्लं त्यानं,” ती म्हणाली.

प्राप्तीने मान वर केली.

“आमी खाल्लं व्हतं, खारं पानी आयलं तवा. कनगीतलं बियान्याचं भात काढलं न् रांधलं. भूक व्हती म्हनून न्हाय गं. भूक तं आदीपास्न व्हती. पुडल्या साली पेरायचा न्हाय, येवडं पटलं ना मनाला, का मंग मानूस बियान्याला हात घालतो.” तिचा आवाज फुटला. “माजा पोर तिथं यकटा बसून बियानं खातोय.”

मग तिने पदर तोंडात कोंबला. प्राप्तीला आई रडताना बघवेना, आणि काही करताही येईना. फोन लावला तर तो उचलणार नव्हता. ‘धीर धर’ असं लिहावं, तर तसे निरोप तिने इतके पाठवले होते की आता ते शब्द लिहायचीही तिला लाज वाटत होती. बोट अजून जहाजापाशी असेल का? घटकाभर. त्यातली किती सरली कोण जाणे.

तिने नकाशा खाडीच्या अलीकडे आणला. तिथे तिची राजधानी होती, विनेशच्या हद्दीला लागूनच. धक्का, बाजारपेठ, दुहेरी तट, आणि तीन वर्षांच्या डावांनी बांधलेला दीपस्तंभ, जो विनेशला कधीच बांधता आला नव्हता. तिने शहरावर बोट ठेवलं. यादीच्या अगदी तळाशी एक पर्याय होता, जो शहाणा खेळाडू कधी वापरत नाही. शहर पेटवून सोडून द्या.

नक्की का, असं गेमने विचारलं. ती हो म्हणाली. गेमने पुन्हा विचारलं, हे परत मिळणार नाही. तिने पुन्हा हो म्हटलं.

धूर झाला. तो विरला तेव्हा खाडीकाठी काळ्या भिंती आणि मोडका दीपस्तंभ उरला होता. सीमा सरकली आणि ती सगळी जमीन विनेशच्या रंगात गेली. निरोपाच्या जागी तिने लिहिलं, ‘हे तुझ्याकडे ठेवते. मोडू नकोस. उत्खनन येणार आहे.’ आणि डाव पाठवून दिला.

“काय केलंस?” सत्यवतीने डोळे पुसत विचारलं. “जाललंस कायतरी?”

“माझंच जाळलं.”

सत्यवती उठली, करपलेली भाकरी काढून तिने गुरांच्या पाटीत टाकली आणि तव्यावर पाणी शिंपडलं. प्राप्ती पीठ मळायला बसली खरी, पण तिचे हात परातीत नुसतेच पडून होते. एकदा डाव पाठवला की पुढचा नगारा पाण्याच्या पुढच्या फेरीलाच वाजायचा. बोट गेली असणार. आज त्याने हा डाव उघडलाही नसेल, आणि पुढच्या फेरीपर्यंत तो काय करेल, हा विचार तिला पुरता करवेना.

दुसरी भाकरी तव्यावर फुगत असताना नगारा वाजला.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. असं कधीच झालं नव्हतं. प्राप्तीने पिठाळ बोटानेच पडदा उघडला. काळ्या भिंती जागच्या जागी होत्या. तटाच्या बाहेर विनेशची तुकडी येऊन उभी होती, आत एकही माणूस शिरला नव्हता. निरोपाची जागा भरलेली होती.

“काय लिवलंय गं? कनचं दुखनं हाय का? सांग ना!”

“शिव्या घालतोय.”

“कुनाला?”

“मला.”

“वाच.”

प्राप्तीने वाचायला घेतलं.

“येडी झालीस का तू? राजधानी कोन जालतं? आनि जालायचीच व्हती तं आदी त्यात यक देऊल बांधायचं, टांकसाल बांधायची. नुसत्या बाजारात खोदून काय गावनार, खापऱ्या? तुला कवा अक्कल येनार? थांब, पुडच्या फेरीला नीट लिवतो. बोट सुटली.”

सत्यवती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने दोन्ही हातांनी प्राप्तीचं मनगट धरलं, फोनसकट.

“परत वाच,” ती म्हणाली.