लाल दोऱ्याचे नकाशे

विश्वंभर मास्तर जाऊन अडीच महिने झाले होते, आणि त्यांच्या नकाशांना त्यांच्या लेकीनं तीन दिवसांत शिस्त लावली होती.

मास्तरांनी सेनगावच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि जवळजवळ दर रविवारी आसपासचे डोंगर पायाखाली घातले. कुठली पायवाट कुठं फुटते, कुठं बांध आडवा येतो, पाणी कुठं मिळतं, हे सगळं ते घरी येऊन जाड कागदावर उतरवत. हिंगोलीचे डोंगर चढणारे लोक नकाशा मागून न्यायचे आणि परत आणून द्यायचे. घरात धान्याच्या पत्र्याच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यावर, गुंडाळ्या उभ्या असायच्या. प्रत्येकीला दोरा बांधलेला.

ही लेक, प्रियदर्शनी, नाशिकच्या एका ग्रंथालयात नोकरीला होती. कोठी उघडल्यावर तिला वाटलं, अण्णांना आवडेल असं एक तरी काम आपल्याला येतं. तिनं दोरे कापले, गुंडाळ्या तुरीच्या पोत्याखाली दाबून सपाट केल्या, पारदर्शक पाकिटांत घातल्या आणि गावांच्या नावांप्रमाणे अकारविल्हे लावल्या. एकाच वाटेचे दोन-दोन नकाशे निघाले, तेव्हा नीटस होता तो पाकिटात ठेवला आणि खाडाखोडीचा रद्दीच्या ढिगात टाकला. एवढं करताना ती एकदाही रडली नाही, याचं तिला बरं वाटलं होतं.

शनिवारी पहाटे डोंगर चढणाऱ्यांच्या गटाचा म्होरक्या सोमेश्वर नकाशा मागायला आला. ऊन फार तापायच्या आत हंगामातली शेवटची चढाई, तीही मास्तरांच्या आठवणीत, त्यांच्या आवडत्या साखऱ्याकडच्या डोंगरावर. नऊ जण होते. प्रियदर्शनीनं पाकीट काढून दिलं, तेव्हा एवढ्या पटकन सापडल्याचं त्याला कौतुक वाटलं. नकाशात अर्ध्या वाटेवर निळ्या शाईनं पाण्याचा झिरा दाखवला होता. मग ओझं कशाला, म्हणून त्यानं सगळ्यांना माणशी एकच बाटली घ्यायला सांगितली.

नऊच्या सुमाराला आई, नर्मदाबाई, केर काढत होत्या. सुपलीत दोऱ्यांचा गुंता आला तसा त्यांचा हात थांबला.

"हे काहून कापलंस, माय?"

प्रियदर्शनीनं सांगितलं की पाकिटांना दोरे लागत नाहीत.

"तसं न्हाई गं. लाल दोरे होळीनंतरच्या नकाशांचे, पांढरे त्याच्या आधीचे. माझ्याच लुगड्याच्या काठाचे काढून दिले होते मी. वाट तीच असती, पण पाणी तेच असतंय का?"

प्रियदर्शनी उठली ती सरळ रद्दीच्या ढिगाकडे गेली. साखऱ्याचा तो खाडाखोडीचा कागद खाली सापडला. त्यावर झिऱ्यावर फुली होती. वाट झिऱ्याकडे न जाता डावीकडे वळून तांड्याच्या विहिरीवरून वर गेली होती, आणि समासात अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'चैत्रात वरच्या वाटेने जाऊ नये. सावली नाही.'

सोमेश्वरचा फोन संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता. दुसरा नंबर तिच्याकडे नव्हता. ते पहाटेच निघाले होते. म्हणजे आतापर्यंत झिऱ्याशी पोचले असणार, आणि बाटल्या रिकाम्या झालेल्या असणार. ऊन एवढ्यातच चटके देऊ लागलं होतं. तिनं स्कूटीवर पायाशी पाण्याचा कॅन ठेवला आणि ती निघाली. साखऱ्यापर्यंतच्या वाटेवर तिला एकच दिसत राहिलं: कोरड्या दगडांभोवती बसलेले नऊ जण, आणि मधे उघडा ठेवलेला नकाशा.

तांड्यावर शिला भेटली. तिच्या सासऱ्यांनीच मास्तरांना या डोंगरावरच्या जुन्या बैलवाटा दाखवल्या होत्या. शिलानं कागद पाहिला, मग डोंगराकडे पाहिलं, आणि काही न विचारता विहिरीवरून दोन कळशा भरून आणल्या. एक डोक्यावर, एक कमरेवर घेऊन ती पुढं निघाली. प्रियदर्शनी कॅन या हातातून त्या हातात बदलत मागं राहू लागली. चढावर धाप लागली तरी तिला थांबायचं धाडस होईना. शिला मात्र अधूनमधून थांबून तिच्याकडे बघायची आणि पुन्हा चालू लागायची.

झिऱ्याकडच्या वरच्या वाटेला लागल्यावर माणसांचे आवाज आले. ते आवाज आहेत, याचाच तिला आधी आधार वाटला.

पळसाच्या विरळ सावलीत सगळे बसले होते. द्वारकाबाई नावाच्या निवृत्त परिचारिका आडव्या झाल्या होत्या. त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, पण त्या डोळे उघडे ठेवून होत्या आणि आपल्याला काय करावं हे बाकीच्यांना स्वतःच सांगत होत्या. शिलानं सगळ्यांना घोटाघोटानं पाणी दिलं. कुणी गटागटा पिऊ लागलं की तिची कळशी लगेच सरळ व्हायची.

सोमेश्वरनं नकाशा प्रियदर्शनीच्या हातात परत दिला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट तो समजूत घातल्यासारखं म्हणाला, "मास्तरांचा नकाशा पहिल्यांदाच चुकला बघा, ताई. शेवटी शेवटी नजर कमी झाली असंल त्यांची."

सगळे तिच्याकडे बघत होते. मान हलवली असती तर विषय तिथंच मिटला असता, आणि कुणी पुन्हा विचारलं नसतं.

"नकाशा बरोबर आहे," ती म्हणाली. "तो होळीच्या आधीचा आहे. उन्हाळ्याचा वेगळा होता. दोरे मी कापले आणि तो रद्दीत टाकला."

मग शिला कळशी कलती करत म्हणाली, "मास्तर असते तर तुमाला अंगठे धरून उभं केलं असतं."

द्वारकाबाई आडव्याच हसल्या. प्रियदर्शनीला हसू आलं नाही, पण तिथंच दगडावर बसून तिनं पहिल्यांदा अण्णांसाठी डोळ्याला पदर लावला.

ऊन उतरल्यावर सगळे तांड्याच्या वाटेनं खाली आले. घरी येऊन तिनं आईला शेजारी बसवलं आणि कोठीसमोर रद्दीतल्यांसकट सगळे नकाशे मांडले. काहींवर फुली होती, काहींवर महिन्याची खूण, ते ओळखता आले. आईला चार-पाच आठवले. साखऱ्याच्या बाजूचे शिला सांगणार होती. बाकीचे अकरा मात्र कशावरून ओळखावेत, हे कुणालाच सांगता येईना. त्या अकरांवर तिनं पेन्सिलनं लिहिलं: 'पाणी पाहिलेले नाही. कुणाला देऊ नये.'

तिची रजा सोमवारी संपत होती. रविवारी उजाडायच्या आत ती त्या अकरांतल्या पहिल्या नकाशाच्या वाटेला लागली. फाट्यावर शिला थांबणार होती. पाठीवर पाण्याच्या पाच बाटल्या होत्या. नकाशातल्या विहिरीत या दिवसांत पाणी असतं की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं.