पडदे निळे शिव म्हटलं

तुम्ही मला खोटारडी बनवलंय. तुमच्या कॉलेजने मला घेतलं नाही आणि नाकारलंही नाही. प्रतीक्षायादीत टाकलं आणि वर लिहिलं, 'आम्हाला तुझ्यात रस आहे.'

इथे ओहायोतल्या, घराजवळच्या कॉलेजने मला सरळ घेतलं. त्यांना एक मेपर्यंत उत्तर हवं होतं.

"त्यांना हो म्हणून टाक," डॅड म्हणाले.

"म्हणजे दुसऱ्यांची आशा सोडू?"

"ती कशाला सोडायची? यादीत राहा की."

"मग मी जाणार कुठे?"

"मला काय विचारतेस? मी कधी कॉलेजची पायरी चढलोय?"

शाळेतल्या समुपदेशक मिसेस कोवाल्चिक म्हणाल्या, "ब्रिन, मला अजून यायचंय, असं त्यांना पत्र लिही. गयावया नको, पण ताठाही नको."

"नेमकं किती वाकू?"

"बाई गं, ते मलाही कधी कळलं नाही."

मी घराजवळच्यांना हो कळवलं. एक मेला शाळेतल्या प्रथेप्रमाणे सगळे, ज्या कॉलेजात जायचं ठरलं त्याचा शर्ट घालून आले, तसा मीही घराजवळच्या कॉलेजचा घातला. लोक अभिनंदन करत होते आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

काल टॅबिथाचा फोन आला. त्या घराजवळच्या कॉलेजच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहणार आहोत.

"आई पडदे शिवतेय. कोणता रंग सांगू?"

मी निळा म्हटलं. तिला मी फसवलं का, हे माझं मलाच कळत नाही. तुमचा होकार आला तर मी तिला सोडून पळणार, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे.

हेच ते पत्र. ताठा वाटला तर वाटू द्या. मी येऊ की नको, ते सांगा.