जनावरांना पाजू नये

कार्निव्हलसारखा गोंधळ घालणाऱ्या वादळानं त्या वर्षी बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावाच्या आसपासचा ऊस मुळासकट उपटून नेला होता. घरांची छपरं कशीबशी परत बसली, पण शेतं उघडी पडली ती पडलीच. मग साखर कारखान्याच्या मळ्यात नव्या लागणीची एकच घाई उडाली. बायकांच्या टोळ्या सकाळपासून बेणं तोडायच्या, टोपल्यांत भरायच्या आणि मळ्याच्या कडेला बांधलेल्या सिमेंटच्या टाकीत बुडवायच्या. टाकीतल्या पाण्यात मळ्याचा साहेब एक गुलाबी भुकटी कालवायला लावत असे. त्या पाण्यातून काढलेलं बेणं जमिनीत कुजत नाही, अशी त्या भुकटीची ख्याती होती.

कामिनी त्या टाकीवर होती. तिची धाकटी जाऊ बसंतीही तिथंच. दोघी काठावर वाकून कोपरापर्यंत हात बुडवायच्या, टोपली हलवायच्या, निथळून पलीकडे द्यायच्या. कामिनीचा नवरा यशपाल टोळीचा सिरदार, म्हणजे मुकादम होता, म्हणून टाकीवरचं सावलीतलं काम या दोघींच्या वाट्याला आलं, असं बाकीच्या बायका थोड्या असूयेनं म्हणत. ते खरंही होतं. यशपालनंच सांगितलं होतं, "उन्हात कुदळ मारण्यापेक्षा हे बरं."

गणपतीच्या सुमारास कामिनीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. ओठही बधिर वाटायचे, जणू कुणी कच्ची सुपारी चघळायला दिली आहे. तिनं मनावर घेतलं नाही. नुव्हेल फ्रांसची थंडी, सततची झिमझिम, ओले कपडे, बोटं गारठणारच. बसंतीचं मात्र हसू व्हायचं. सपाट रस्त्यावर ती ठेचकाळायची. "अगं, दारू पितेस की काय?" असं कुणी म्हटलं की तीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

दीड दिवसाचा गणपती दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवर निघाला. ढोलकी, झांजा, पोरांचा कालवा. मूर्ती यशपालच्या डोक्यावर होती. काठावर आरती झाली तेव्हा तबक कामिनीच्या हातात होतं. कापराचा जाळ एका बाजूला कलला आणि शेजारची चंपा ओरडली, "वैनी, हात! हात भाजतोय!"

कामिनीनं खाली पाहिलं. अंगठ्याशी कातडी लाल होऊन फुगली होती. तिला काहीच कळलं नव्हतं. ती फोडाकडे बघत राहिली, तेवढ्यात लोकांचं लक्ष नदीकडे गेलं.

पाण्यातून कोलंब्या बाहेर येत होत्या. मोठाल्या, वीतभर लांबीच्या, एरवी दगडांखाली दडून बसणाऱ्या. त्या दगडांवर चढत होत्या, चिखलात सरपटत होत्या, एकमेकींच्या अंगावरून काठावर येत होत्या. मग एक वाम पोट वर करून वाहत आली. तिच्यामागे आणखी मासे, पांढऱ्या पोटांचे. यशपाल कंबरभर पाण्यात मूर्ती धरून उभा होता आणि मासे त्याच्या धोतराला येऊन अडत होते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं मूर्ती सोडली ती जवळजवळ टाकल्यासारखीच, आणि वळून तो ओरडायला लागला, "प्वाझों! प्वाझों!"

बेटावरच्या क्रिओल बोलीत प्वाझों म्हणजे विष. आणि प्वासों म्हणजे मासा. ढोलकीच्या दणक्यात कुणाला फरक ऐकू येणार? पुलावरची माणसंसुद्धा "प्वासों! प्वासों!" करत खाली धावली. कुणी टोपली आणली, कुणी डोक्यावरचा रुमाल सोडला. "देवानंच धाडलं," असं म्हणत लक्ष्मणमामांनी तर काठावरच तीन दगड मांडून चूल पेटवली आणि नदीचंच पाणी पातेल्यात घेतलं. लक्ष्मणमामा म्हणजे यशपालच्या आईचे भाऊ, वस्तीतले वडीलधारे. गणपती बुडेपर्यंत सोवळं पाळायचं, मग रान मोकळं, हा त्यांचा जुना शिरस्ता.

यशपाल दोनदा, तीनदा ओरडला. कुणी ऐकेना, तेव्हा तो ओल्या धोतरानिशी वरच्या मळ्याकडे पळत सुटला. तो का पळाला हे कामिनीला समजलं नाही. नवसाचं काही विसरला असेल, असं तिला वाटलं. तिनंही पदरात कोलंब्या भरल्या आणि ती घरी गेली.

वाटण झालं, फोडणी झाली, रस्सा उकळायला लागला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. यशपाल आत आला, एक शब्द न बोलता चुलीपाशी गेला आणि त्यानं पातेल्याला लाथ मारली. रस्सा भिंतीवर, राखेत, कामिनीच्या पायांवर.

"वेड लागलं का तुम्हांला? सणाच्या दिवशी?"

"कुणी खाल्लं? तू चाखलंस? सांग!"

"नाही चाखलं. काय झालं ते तरी—"

तो ऐकायला थांबलाच नाही. शेजारच्या घरातून बायकांची किंकाळी आली, मग त्याच्या पलीकडच्या. कामिनी दारात आली. अख्ख्या वस्तीतून तिचा नवरा घराघरात शिरत होता आणि पातेली उलथत होता. त्याचा भाऊ नंदलाल त्याला आवरायला धावला आणि बुक्की खाऊन बसला. "पा मांजे! खाऊ नका! टाकी सोडली मी, सकाळी टाकी सोडली!" एवढंच यशपाल परत परत ओरडत होता.

मग हळूहळू उलगडलं. सणाला काम बंद, भुकटीचा नवा साठा यायचा होता, म्हणून साहेबानं टाकी रिकामी करून धुवायला सांगितली होती. एरवी तळाचा गाळ तेवढा चरात जायचा. या खेपेला भरलेली टाकी गेली. यशपालनं सकाळी बूच काढलं आणि तो घरी येऊन गणपतीच्या तयारीला लागला. चर नदीला मिळतो, हे त्याच्या पाण्यात उभं राहिल्यावर ध्यानात आलं. धावत जाऊन त्यानं बूच बसवलं, तेव्हा टाकीत टीचभर पाणी उरलं होतं.

लक्ष्मणमामांनी मात्र त्याला काठावर पातेल्याजवळ फिरकू दिलं नाही. "सिरदार तू मळ्यावर. माझ्या चुलीवर तुझी सत्ता नाही," असं म्हणून त्यांनी रश्श्यात भाकरी मोडली. संध्याकाळी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडात तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव येते, असं ते म्हणत होते. मग लघवी बंद झाली. सरकारी दवाखान्यात नेलं, पण आठवडा उलटायच्या आत ते गेले.

त्या दिवसांत त्यांच्यासाठी पेज घेऊन कामिनी दवाखान्यात जायची. एकदा तरुण डॉक्टरसमोरच तिच्या हातातून गडू निसटला. तिनं उचलायला हात घातला, तो गडूच्या शेजारी पडला. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला.

"डोळे मिट. आता बोटानं नाकाचा शेंडा शिव."

बोट गालावर गेलं. दुसऱ्यांदा कानाशी. कामिनीला हसू आलं. डॉक्टर हसला नाही.

"काम काय करतेस?"

"बेणं बुडवते. टाकीवर."

"ते पाणी हाताला लागतं?"

"लागतं म्हणजे? हात पाण्यातच असतात. दिवसभर."

डॉक्टरनं तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. नखांच्या कडा गुलाबी होत्या. "त्या भुकटीत पारा असतो," तो सावकाश म्हणाला. "तुझ्या मामांनी तो एकदा खाल्ला. तू रोज थोडा थोडा घेते आहेस."

कामिनी घरी चालत आली. वाटेत कुठली झाडं लागली, कोण भेटलं, तिला आठवेना. कोलंब्या दगडांवर चढत होत्या तेवढं डोळ्यांपुढे होतं. त्यांना पाण्यातून पळता तरी आलं. आपण आणि बसंती रोज भाकरी बांधून त्याच पाण्याकडे जात होतो, उशीर झाला तर धावत जात होतो.

यशपाल ओसरीवर बसला होता.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

त्यानं मान वर केली नाही. "काय?"

"ते विष आहे हे. नदीत उभं राहून तुम्ही विष म्हणून ओरडलात. मासे बघून एकदम कसं सुचलं? कुणी सांगितलं होतं?"

तो म्हणाला, "साहेब. टाकी बांधली तेव्हा. म्हणाला होता, जनावरांना हे पाणी पाजू नका. बैल दगावतील."

"जनावरांना."

"हो. जनावरांनाच म्हणाला गं. माणसांचं काही बोलला नाही. मला वाटलं, माणूस थोडंच टाकीतलं पिणार आहे? तुला सावलीतलं काम मिळावं म्हणून मी—"

रडू येईल असं कामिनीला वाटलं, पण आलं नाही. हा माणूस खोटारडा असता तर बरं झालं असतं. तो खोटारडा नव्हता. त्यानं बैल जपले होते, कारण बैल जपायला सांगितलं होतं.

काम पुन्हा सुरू झालं त्या दिवशी टाकी नव्या गुलाबी पाण्यानं भरलेली होती आणि बायका बांधावर बसून राहिल्या होत्या. कामिनीनं सगळ्यांना सांगितलं होतं. तरी निम्म्या जणी चुळबुळत होत्या. काम गेलं तर खायचं काय? साहेब जीपमधून उतरला. त्याच्या मागून त्याचा तांबूस कुत्रा उडी मारून आला.

"काय तमाशा आहे हा?" साहेबानं यशपालला विचारलं.

"बायका हात घालायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणतो पारा आहे."

"डॉक्टरला शेतीतलं काय कळतं! साऱ्या बेटावर हेच वापरतात. हात धुतले की झालं. सांग त्यांना."

यशपालनं तोंड उघडलं नाही. साहेबानं पुन्हा सांगितलं, तरी तो तसाच उभा. तेव्हा कामिनी उठली. तिची पावलं नीट पडत नव्हती. तिनं गडू टाकीत बुडवला आणि भरून आणून कुत्र्यापुढे ठेवला. तहानलेला कुत्रा शेपटी हलवत पुढे झाला, त्यानं गडूत नाक घातलं.

"नों!" साहेब असा ओरडला की बायका दचकून उभ्या राहिल्या. त्यानं दोन ढांगांत येऊन गडू लाथाडला, कुत्र्याला पट्ट्याला धरून मागे ओढलं, गुडघ्यांवर बसून स्वतःच्या बाहीनं त्याचं तोंड पुसायला लागला. एकदा पुसलं, जबडा उघडून आत बघितलं, पुन्हा पुसलं.

मग त्यानं मान वर केली.

सगळी टोळी त्याच्याकडे बघत होती. कुणी पदर तोंडाशी धरला होता. बसंती स्वतःच्या हातांकडे पाहत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"कुत्र्यासाठी धावलास," कामिनी क्रिओलमध्ये म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज पडली नाही.

साहेब जीपमध्ये बसून गेला. त्या दिवशी बेणं बुडालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या टोळ्यांनीही टोपल्या खाली ठेवल्या. शेवटी कारखान्यानं रबरी हातमोजे आणले, टोपल्या बुडवायला लोखंडी आकडे लावलेली कप्पी बसवली, आणि टाकीच्या पाण्यासाठी नदीपासून दूर खड्डा खणला. भुकटी मात्र तीच राहिली. यशपालची सिरदारी काढून घेतली. कुणी म्हणालं टाकी सोडल्याबद्दल, कुणी म्हणालं गप्प राहिल्याबद्दल. तो कुदळ घेऊन टोळीत उभा राहिला आणि त्यानं कधी तक्रार केली नाही.

कामिनीच्या डाव्या हाताला हळूहळू जाण आली. उजव्याला आली नाही. बटण लावायचं तर तिला बोटांकडे बघत लावावं लागे. बसंतीचं तेवढंही झालं नाही. ती भिंत धरून चालायची, आणि बोलायला लागली की शब्द तोंडातच घसरायचे. अंगणात तिला दुरून हाक मारली तर ती भलतीकडेच वळून बघायची. "दारू पितेस का?" असं तिला नंतर कुणी विचारलं नाही. तीच कधी कधी स्वतःहून तसं म्हणायची आणि हसायची, आणि तिच्यासोबत कुणाला हसता यायचं नाही.