रांगेतले डबे

"भैया, टँकर आनेवाला है क्या?" सिल्व्हर पार्कच्या बागेबाहेरच्या कोरड्या नळाकडे पाहत एका बाईंनी विचारले.

कौस्तुभने नुसतीच नकारार्थी मान हलवली. नळापासून फुटपाथभर त्याने एकवीस रिकामी भांडी ओळीने मांडली होती. तेलाचे डबे, कळश्या, कडी तुटलेली एक बादली. प्रत्येकावर कागदाची पट्टी, पट्टीवर एक नाव. मरियम, नूर, ओलेना, युसुफ. युद्धामुळे घर सोडून निघालेली, दूरच्या छावण्यांत पाण्यासाठी तिष्ठणारी माणसे. शेजारच्या पुठ्ठ्यावर त्याने तेवढेच लिहिले होते. बोलायची वेळ येऊ नये म्हणून.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो दिवसभर इतरांचे रिपोर्ट टाइप करी. आजची रजा त्याने 'घरगुती काम' म्हणून घेतली होती आणि ते खोटे आहे असे त्याला वाटत नव्हते. लहानपणी भाईंदरच्या चाळीत आई कामावर जाताना नळापाशी डबा ठेवून जाई. ती नसतानाही तिची जागा तिचीच राही. भांडखोर शेजारीणसुद्धा दुसऱ्याच्या डब्याला हात लावत नसे. आज संध्याकाळी सहापर्यंत ही रांग अशीच राहिली पाहिजे, एवढेच त्याने ठरवले होते.

"रील बनवतोय वाटतं," कॉलेजच्या दोन मुली हसत पुढे गेल्या.

बाजूला राई गावची सत्यवती मासळी विकत बसली होती. डब्यातले पाणी माशांवर शिंपडता शिंपडता तिने विचारले, "कवा येनार रं ही मानसं?"

"नाही येणार, मावशी. फार लांब आहेत."

"मंग तू कशाला बसलास?"

"डबे कोणी हलवू नयेत म्हणून."

तिने रांगेवरून नजर फिरवली. मग गिऱ्हाईक आले.

चारच्या सुमारास समोरच्या सोसायटीचा वॉचमन गुणवंत आला. "ए भाऊ, उचल हे भंगार. सेक्रेटरीसाहेबांची गाडी लावायचीय." त्याने पायाने पहिला डबा सरकवला. मरियमचा डबा खणखणत कलंडला.

 कौस्तुभ उठला, डबा होता तिथे नीट ठेवला आणि त्याचा त्यालाच अनोळखी वाटावा अशा आवाजात म्हणाला, "नंबर लागलाय. सहापर्यंत हलणार नाही."

"कोणाचा नंबर? माणूस तरी आहे का इथे?"

"तुजी बायको डबा ठिवून कामाला जात न्हाय काय रं?" सत्यवती म्हणाली. "तवा त्यो भंगार व्हतो?"

गुणवंतने पाय मागे घेतला. "साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, रांग आहे," कौस्तुभ म्हणाला.

गाडी पलीकडे लागली. उन्हे उतरली. सत्यवती केव्हा उठून गेली, नळाकडे डोळे लावून बसलेल्या कौस्तुभला कळले नाही.

सहा वाजले. त्याने नळाकडून एकेक भांडे उचलायला सुरुवात केली. शेवटी पोहोचला तेव्हा रांगेत आणखी एक डबा होता. पट्टी नसलेला. काठाला माशांचे खवले चिकटलेले.

त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिचा नंबर त्या एकवीस जणांच्या मागचा होता.

कौस्तुभने सगळी भांडी पुन्हा आपापल्या जागी मांडली आणि तो नळापाशी बसला.