दहावी नळी

प्रयोगशाळेत तिला सगळे 'घड्याळ' म्हणत. नऊ म्हणजे नऊ. नमुने हाताळताना तिचा हात कधी थरथरला नाही. जिभेवर मात्र तिचा ताबा नव्हता.

गर्भ न टिकणाऱ्या बायकांच्या योनीतले जंतू आणि तिथल्याच पेशींमध्ये जनुकांवर उमटलेल्या रासायनिक खुणा, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे तिथे शोधत होते. बायका कापसाच्या काडीने स्वतःच नमुना घेऊन देत. नळीवर नाव नाही, नुसता आकडा. वहिनीचे दोन गर्भ गेले होते, म्हणून घड्याळानेच तिला गळ घातली. वहिनी लाजत आली, त्या दिवशी दहाव्या नंबरला नमुना देऊन गेली. जाताना म्हणाली, "ताई, घरी कुणाला सांगू नका हं."

नाव लपवलं तरी हिला मोजता येत होतं. दहावी बाई, दहावी नळी. त्या नळीत राखण करणाऱ्या चांगल्या जंतूंचा मागमूस नव्हता, नको त्यांनीच ठाण मांडलं होतं, आणि जनुकांवरच्या खुणाही विस्कटलेल्या. एका नळीवरून एका बाईबद्दल काही ठरत नाही, खुणा बदलतातही, असं मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण जेवताना आईने सुनेच्या नावाने बोटं मोडायला घेतली आणि हिच्या तोंडात तीळ भिजला नाही.

बिघाड सुनेतच आहे, असा निकाल आईने तिथल्या तिथे दिला. भाऊ ताटातून मान वर करेना. वहिनीने एकदाच घड्याळाकडे पाहिलं. पंधरा दिवसांत तिला माहेरी धाडलं. तिच्या आईवडिलांनाही जंतूंची हकीकत साग्रसंगीत ऐकवली.

महिन्याने आकड्यांमागची नावं उघडली. काम चोख होतंय का हे पाहायला शास्त्रज्ञ बाई दर दहाव्या जागी कर्मचाऱ्यांपैकी कुणाचा तरी जुना नमुना गुपचूप सरकवत. त्यामुळे दहावी बाई अकराव्या नळीत गेली होती आणि अकरावी नळी ठणठणीत होती. दहावी घड्याळाची स्वतःची; मागच्या वर्षी सही करून दिलेली आणि विसरलेली.

 तिचं स्वतःचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. तरी घरी येऊन तिने रडत रडत सगळं सांगितलं, वहिनीला आजच आणू या म्हणाली.

आईने आधी दार लोटून घेतलं.

"गेली ती गेली. हे तुझ्या सासरी कळता कामा नये," ती शांतपणे म्हणाली. "आणि एका नळीवरून काही ठरत नसतं, तुझ्या बाईच म्हणतात ना?"

तेव्हापासून तिची जीभ अगदी ताब्यात आहे. काल वहिनीचा मेसेज आला, पुढचे उपचार काय घेऊ ते विचारणारा, आणि मागोमाग फोन. तिने उचलला नाही.