लूर्डसची बरणी

घरात बाटली म्हणून जी काही होती ती मी चौदा महिन्यांपूर्वीच बाहेर काढली होती. खोकल्याचं औषध, दाढीनंतर गालाला चोळायचं ते निळं पाणी, करोनातलं उरलंसुरलं सॅनिटायझर, सगळं. माझा धाकटा भाऊ भूपेश व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायचा होता. तिथले डॉक्टर म्हणाले, "हंसाताई, घरात दारूचा थेंब नको." मी म्हटलं, "थेंब काय घेऊन बसलात, वाससुद्धा ठेवणार नाही." आणि ठेवला नाही, असं मी त्या रविवारी दुपारी तीन वाजेपर्यंत समजत होते. मोठी शहाणी मी!

आमचं घर भुईगावात, समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत. मागे केळीची वाडी. मी लग्न केलं नाही, आई-बाबा गेल्यावर या घरात एकटीच होते. भूपेशचा संसार नालासोपाऱ्याला होता, पण तो त्याने बाटलीत घातला. केंद्रातून आला तो इथेच. चौदा महिने मी त्याला एकट्याला कुठे म्हणून सोडलं नाही. केस कापायला निघाला तरी मी बरोबर. गावातली माणसं हसायची, म्हणायची, हंसाने भावाला दावं लावलंय. लावलंय तर लावलंय! तुमच्या घरचा असता म्हणजे कळलं असतं.

त्याची बायको रीमा दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन विरारला आईच्या फ्लॅटवर गेली होती. लेक उन्नती, नऊ वर्षांची. फोनवर बापाशी बोलायची, भेट नाही. आणि आता रीमाचाच फोन आला, "ताई, रविवारी चारला आम्ही येतो. बसू, बघू. जमेलसं वाटलं तर पुढच्या महिन्यात सामान घेऊन येईन. पण मला जरा जरी वास आला ना, तर मी वकिलाकडे जाणार. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

रीमाची एक सवय होती. दारातून आली की चप्पल काढायच्या आधी ती भूपेशच्या तोंडाजवळ उभी राहायची आणि एक लांब श्वास घ्यायची. आठ वर्षं त्याच्याबरोबर काढून तिला तसं नाक आलं होतं. दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकूनच पिणार. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

भूपेशने ठरवलं होतं, लेकीला स्वतःच्या हातचे गरम स्कोन, म्हणजे ते छोटे खुसखुशीत विलायती पाव, खायला घालायचे. केंद्रात त्यांना बेकरीचं काम शिकवत, तिथे तो हे शिकला होता. फोटो पाठवला तर उन्नती म्हणाली होती, "बाबा, फोटो काय खायचा?" तेव्हापासून तो मैदा, लोणी, बेकिंग पावडर जमवत होता. रविवारी जेवणं झाल्यावर त्याने परात घेतली, बर्फाच्या पाण्यात हात बुडवले, कोरडे केले आणि गार लोण्याचे तुकडे मैद्यात टाकून बोटांच्या टोकांनी चुरायला लागला.

"दे इकडे, मी मळते," मी म्हटलं.

"ताय, मळायचं नसतं. भाकरीचं पीठ नाय हे."

"मग काय आरती करायची त्याची?"

तो हसला. "लोनी वितळलं की संपलं. मग दगड होतात. हात गार पायजे, नि जीव शांत पायजे."

चौदा महिन्यांपूर्वी या हातांना चहाचा कप धरवत नव्हता. बशीत चहा सांडायचा आणि तो माझ्याकडे बघायचाही नाही. आता तीच बोटं लोण्याचा रवा करत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी देवाला म्हटलं, बाबा, एवढी दुपार पार पडू दे.

त्याने परात झाकून फ्रिजमध्ये ठेवली. "वीस मिनिटं गार होऊ दे. मी दाढी-आंघोळ करून येतो, मग साय घालतो. तू हात लावू नको हां."

हात लावू नको! मला! तीस वर्षं या चुलीशी उभी आहे मी. त्याची न्हाणीघरातली दाढी काही संपेना, घड्याळ अडीचच्या पुढे गेलं, आणि मी परात काढून बघितली तर ते पांढरंफटक पीठ. एका पोरीला खायला घालायचं आणि त्यात एक बेदाणा नाही? उन्नती शिऱ्यातले बेदाणे आधी वेचून खाते. डबा उघडला, तळाला चिकटलेले पाच दाणे. आणि मग मला माळ्यावरची बरणी आठवली.

ती बरणी आमची नव्हे, शेजारच्या लूर्डसची. नाताळच्या केकसाठी ती ऑगस्टातच बेदाणे, काळ्या मनुका, चेरी, संत्र्याची साल बारीक चिरून रममध्ये भिजत घालते. डिसेंबरपर्यंत मुरू देते. पण तिचा नवरा ऑस्कर त्यातली रम चमच्याचमच्याने संपवायचा आणि ही बिचारी नाताळच्या तोंडावर कोरड्या मनुका बघत बसायची. म्हणून अकरा वर्षांपूर्वी ती बरणी घेऊन माझ्याकडे आली. "हंसा, तुमच्या घरात कोन पिनारं नाय, ठेव." तेव्हापासून दरवर्षी ती बरणी आमच्या माळ्यावर, पापडाच्या डब्यामागे असते. दर आठ दिवसांनी मी ती हलवायची, एवढंच माझं काम. मागच्या वर्षी घर धुऊन काढलं तेव्हासुद्धा ती तिथे होती. मी ती उतरवली, फडक्याने पुसली आणि परत ठेवली! यंदाही ऑगस्टात लूर्डस घेऊन आली आणि मी ठेवून घेतली. ती दारू आहे असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. तो केकचा माल होता. झाकण उघडलं की मला नाताळच आठवायचा, लूर्डसच्या घरी मांडलेला येशूजन्माचा गोठा आणि तिच्या पोरांचे नवे कपडे.

दोन मुठी काढल्या. चहाच्या गाळणीत दाबून रस काढून टाकला, तेवढी अक्कल होती. पिठात घातल्या, साय घातली, हलक्या हाताने थापलं, पेल्याने गोल पाडले आणि ओव्हन लावला. म्हटलं, भावाचं काम वाचलं.

भूपेश आला तेव्हा स्कोन वर येत होते. पांढरा शर्ट, ओले केस, गाल गुळगुळीत. आधी रागावला, मग काचेतून बघून म्हणाला, "फुगलेत की गं! ताय, तू तर मास्तरीन निघालीस." मी फुशारले. ओव्हनची घंटी वाजली तसा त्याने ट्रे काढला, आत कच्चं तर नाही बघायला एक मोडला आणि तुकडा तोंडात टाकला. करणारा माणूस टाकतोच.

त्याचा जबडा थांबला.

तो सरळ मोरीकडे गेला. थुंकला. पाण्याने चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. मग मोरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

"ताय, यात काय हाय?"

"बेदाणे," मी म्हटलं. "लूर्डसच्या..." अगं बाई! अगं माझे आई! त्या क्षणी मला कळलं मी काय केलंय.

"भट्टीत उडून जातं म्हणतात रे," मी कसंबसं म्हटलं.

"सगळं नाय जात."

तो वळला. ओठ घट्ट मिटलेले होते, पण आत जीभ दातांवरून फिरत होती, गालावरून दिसत होती मला. मला त्या गालाची भीती वाटली.

"बरनी कुठं हाय ते मला सांगू नको," तो म्हणाला. "मी पडवीत बसतो. तू काय ते कर."

मी काय केलं? मी बरणी उचलली आणि मोरीत ओतली. मनुका वाडीतल्या खड्ड्यात टाकल्या. आणि मग बघते तर सगळ्या घरात रमचा भपका! मोरीतून, स्वयंपाकघरातून, माझ्या हातातून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. फिनेल ओतलं, अख्खा पुडा उदबत्ती लावली, खिडक्या सताड उघडल्या, बरणी साबणाने घासली तरी तिचा वास हटेना. स्कोन पिशवीत भरायला घेतले तर भूपेश पडवीतून म्हणाला, "राहू दे. खरं काय ते मी रीमाला सांगनार. तिथं तेच शिकवलंय, झालं ते सांगायचं." इतक्या शांतपणे म्हणाला की मला वाटलं, तरलो आपण.

चारला दहा कमी असताना रिक्षा आली. उन्नती केवढी उंच झाली होती! ती पायरीवरच घुटमळली, बापाला बघून लाजली. रीमा पुढे आली, भूपेशच्या समोर उभी राहिली आणि तिने तो श्वास घेतला.

मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे उदबत्तीचा धूर, ओली फरशी, फिनेल, उघड्या खिडक्या. लपवाछपवी करणारं घर असंच दिसतं. मी तिच्या जागी असते तर मलाही दुसरं काही वाटलं नसतं.

"रीमा," भूपेश म्हणाला, "एक घास तोंडात गेला. थुंकला मी. गिळला नाही. ताईने चुकून..."

"माझी चूक, गं!" मी मध्येच ओरडले. "भिजवलेल्या मनुका घातल्या मी. लूर्डसचा केकचा माल. याला माहीतसुद्धा नव्हतं. आईची शपथ!"

"ताई," रीमा अगदी हळू म्हणाली, "नालासोपाऱ्याला असताना तो तुमच्याकडे येऊन झोपायचा. तुम्ही मला फोनवर सांगितलंत, खोकल्याचं औषध घेतलंय. नंतर सांगितलंत, दात दुखतोय, लवंगेचं तेल लावलंय. मग होमिओपथीच्या गोळ्या. तेव्हाही आईची शपथ घेतली होती तुम्ही. आता केक."

तिन्ही गोष्टी मी सांगितल्या होत्या. तिन्ही खोट्या. भावाचा संसार वाचवते आहे असं वाटायचं मला, आणि सांगायचेही असं की ऐकणाऱ्याला पटावं. रीमाला दोन वर्षं पटत होतं. आता मी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगत होते आणि तोंडातून तेच शब्द, तोच आवाज येत होता.

"लूर्डसला विचार! थांब, बरणी दाखवते," मी म्हटलं आणि धावत जाऊन ती घेऊन आले. आणली आणि तिच्या हातात दिली. तिने झाकण उघडलं. घासलेली, रिकामी, आणि रमचा वास तसाच.

रीमाने बरणीत बघितलं. मग भूपेशकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती मला म्हणाली, "मला खरंच यायचं होतं, ताई. मी बॅगा काढून ठेवल्या होत्या."

"बाबा, स्कोन?" उन्नतीने विचारलं.

"पुढच्या वेळी, बाळा," भूपेश म्हणाला. एवढंच. मी केवढा आकांत केला, रीमाचे हात धरले, रिक्षावाल्याला थांब थांब म्हटलं. रिक्षा गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी भूपेश पायरीवर उभा होता.

मग तो आत आला. परात घासली, ट्रे घासला, ओटा पुसला. स्कोन एका डब्यात नीट भरून ठेवले, एकाही स्कोनला तोंड लावलं नाही. हात पुसले, आरशासमोर उभा राहून केस विंचरले. मी खुर्चीवर बसून बघत होते. तो काय करणार आहे हे मला त्याच्या केस विंचरण्यावरूनच कळलं होतं. आठ वर्षं मी ते बघितलं आहे.

"ताय, नाक्यावर जाऊन येतो."

"काय आणायचंय?"

"काय नाय."

"मी येते बरोबर."

"नको गं," तो म्हणाला. आवाज गोड, मऊ, पूर्वी प्यायला निघायचा तेव्हा असायचा तसाच. "दमलीस तू. पड जरा."

मी दारात आडवी उभी राहू शकले असते. बोंब मारली असती तर चार घरं गोळा झाली असती. लूर्डस चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला गेली होती, ती आली असती तर साक्ष दिली असती. हे सगळं मला सुचत होतं. पण तो चौदा महिने कोरडा राहिला होता, तोंडात आलेला घास थुंकला होता, खरं बोलला होता, आणि माझ्या जुन्या खोट्यांनी त्याचं खरं बुडवलं होतं. आता त्याला "जाऊ नको, विश्वास ठेव" हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"लवकर ये," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. चप्पल घातली. दार जरा अडकतं आमचं, ते त्याला ओढवेना, म्हणून मी उठले आणि मीच ते उघडून दिलं.